पान वाचायची परवानगी कुणाकुणाला?

क्रोम ब्राउझरमध्ये एक्स्टेंशन, म्हणजे जास्तीची सोय जोडणारा छोटा प्रोग्रॅम, टाकताना एक चौकट येते: ‘रीड अँड चेंज ऑल युवर डेटा ऑन ऑल वेबसाइट्स’. ‘अ‍ॅड एक्स्टेंशन’ दाबायच्या घाईत ही ओळ फारसं कुणी वाचत नाही, आणि वाचली तरी वकिली थाटाची औपचारिकता समजून पुढे जातो. तिचा अर्थ मात्र शब्दशः घ्यायला हवा. त्या एक्स्टेंशनची जावास्क्रिप्ट, म्हणजे पानात चालणारा कोड, तुम्ही उघडाल त्या जवळपास प्रत्येक पानात चालणार. बँकेच्या पानावरची शिल्लक, मेलमधला मजकूर, लॉगिनच्या खान्यात टाइप होणारा पासवर्ड हे सगळं तिला दिसणार, आणि हवं तर बदलताही येणार. एचटीटीपीएस इथे कामाचं नाही. ते तुमच्या मशीनपासून सर्व्हरपर्यंतचा प्रवास सुरक्षित ठेवतं. एक्स्टेंशन मजकूर वाचतं तो पान उलगडून पडद्यावर आल्यानंतर.

म्हणूनच ‘ब्राउझर साधा हवा की भरपूर एक्स्टेंशन्सवाला’ हा वाद संख्येवर अडकला की भरकटतो. खरा मुद्दा अधिकाराचा आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो: ब्राउझर आतून आटोपशीर असावा, एक्स्टेंशन्सना मिळणारी ताकद मात्र भरपूर असावी, आणि वापरणाऱ्याने ती ताकद अगदी मोजक्यांच्याच हाती द्यावी.

फायरफॉक्सचा जन्मच या वादातून झाला. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या त्याआधीच्या ‘मोझिला सूट’ या प्रोग्रॅममध्ये ब्राउझर, मेल, न्यूजग्रुप, चॅट आणि वेबपानं बनवायचा एडिटर असं सगळं एकत्र होतं. डेव्ह हायट आणि ब्लेक रॉस यांनी त्यातला ब्राउझर तेवढा वेगळा काढला. सप्टेंबर २००२ मध्ये तो फीनिक्स नावाने आला, मग फायरबर्ड झाला, आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्स १.० म्हणून बाहेर पडला. सर्वांना लागतं तेवढंच आत, बाकीचं ज्याला हवं त्याने जोडून घ्यावं, अशी ती कल्पना.

पण तेव्हाची अ‍ॅड-ऑन्स (फायरफॉक्समधली एक्स्टेंशन्स) जोडली जायची ती थेट ब्राउझरच्या आतड्यात. एक्सयूएल पद्धतीच्या अ‍ॅड-ऑनला वेबपानापुरती मर्यादाच नव्हती. ते खिडकीची रचना बदलू शके, ब्राउझरच्या स्वतःच्या कोडमधलं फंक्शन काढून तिथे आपलं घालू शके, डिस्कवरच्या फाइल्स वाचू-लिहू शके. टॅब हाताळणारं टॅब मिक्स प्लस किंवा डाउनलोड सांभाळणारं डाउनदेमऑल जे करत, ते सगळं आजच्या कुठल्याही एक्स्टेंशनला जमणार नाही. याची किंमतही तशीच होती. मोझिलाने आतला एखादा भाग बदलला की त्यावर टेकलेली अ‍ॅड-ऑन्स मोडायची, म्हणून मग तो भाग बदलायलाच हात धजायचा नाही. क्रोम २००८ मध्ये आला तो प्रत्येक टॅबला वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा भाग, घेऊनच. फायरफॉक्सला तिथे पोचायला बरीच वर्षं लागली, आणि त्या उशिराचं एक मोठं कारण ही अ‍ॅड-ऑन्सच होती. ऑगस्ट २०१५ मध्ये मोझिलाने जुनी पद्धत बंद करणार असल्याचं जाहीर केलं आणि १४ नोव्हेंबर २०१७ रोजी आलेल्या फायरफॉक्स ५७ मध्ये ती बंद झाली. तेव्हा लोक भयंकर चिडले. डाउनदेमऑल पुढे नव्याने लिहून परत आलं, पण बऱ्याच सोयी मागे ठेवून. निर्णय तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता, असं मला आजही वाटतं. फक्त त्यानंतर ‘फायरफॉक्सच का?’ या प्रश्नाचं उत्तर देणं अवघड झालं, हेही खरं.

एक्स्टेंशनमधून आत काय घ्यायचं आणि बाहेर काय ठेवायचं, याची फायरफॉक्सच्या इतिहासात चांगली उदाहरणं आहेत. २००६ मध्ये आलेल्या फायरबगने वेबपान तपासायची पद्धत घालून दिली. आज प्रत्येक ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्स आतच असतात आणि फायरबगचं काम २०१७ मध्ये थांबलं. डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनचं, शक्य तिथे एचटीटीपीएसच वापरायला लावणारं एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर घ्या. नोव्हेंबर २०२० मध्ये फायरफॉक्स ८३ मध्ये ‘एचटीटीपीएस-ओन्ली मोड’ आला, क्रोमनेही तशी सोय दिली, आणि एक्स्टेंशनची गरज संपली. ज्याची गरज जवळजवळ सगळ्यांना आहे आणि ज्यात कुणाचा धंदा नाही, ते आत घेण्यात शहाणपण आहे.

याच्या उलट पॉकेट. ही ‘नंतर वाचू’ची सेवा २०१५ मध्ये थेट फायरफॉक्सच्या आत बसवली, काढायचं बटणही नीट दिलं नाही, आणि जुलै २०२५ मध्ये ती सेवाच बंद झाली. ती पहिल्यापासून अ‍ॅड-ऑन असती तर कुणाची तक्रार नव्हती. टॅब ग्रुप्सची, म्हणजे टॅब गटागटांत ठेवायच्या सोयीची कथा आणखी गमतीची: २०११ मध्ये फायरफॉक्स ४ मध्ये आत घेतले, फार लोक वापरत नाहीत म्हणून २०१६ मध्ये काढले, आणि २०२५ मध्ये नव्या रूपात पुन्हा आत आणले. मधली नऊ वर्षं एक्स्टेंशन्सनीच ती गरज भागवली.

मराठी वाचकांना या सगळ्यात सर्वांत जवळचं उदाहरण युनिकोडपूर्व काळातलं, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची सामायिक अक्षर-संकेतपद्धती रुळण्याआधीचं आहे. तेव्हा मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं आपापल्या फॉन्टवर चालत. तो फॉन्ट नसला की पानावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसे; मजकूर कॉपी करून उपयोग नाही, शोधून सापडणं तर दूरच. फायरफॉक्ससाठी तेव्हा पद्मा नावाचं अ‍ॅड-ऑन होतं, भारतीय भाषांमधल्या असल्या फॉन्टबद्ध मजकुराचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारं. हे काम कुठलीही ब्राउझर कंपनी स्वतःहून आपल्या मुख्य प्रोग्रॅममध्ये घेणार नाही, आणि घेऊही नये, कारण जगातल्या बाकीच्यांना त्याचा काही उपयोग नाही. ज्यांची गरज जगाच्या मानाने लहान आहे, त्यांच्यासाठीच बाहेरून जोडायची सोय लागते. ‘ब्राउझर अगदी साधा असावा, एक्स्टेंशन्स नकोतच’ म्हणणारे बहुधा ज्यांच्या भाषेची काळजी ब्राउझरने आधीच घेतली आहे असे असतात.

आजही मराठी शुद्धलेखन तपासायचा शब्दकोश फायरफॉक्सला अ‍ॅड-ऑन म्हणून जोडता येतो. शब्दकोश-प्रकारच्या अ‍ॅड-ऑनमध्ये फक्त शब्दांची यादी आणि प्रत्ययांचे नियम असतात, चालणारा कोड नसतो. त्यामुळे त्याला पान वाचायची परवानगी लागत नाही. असं काही जोडताना बिचकायचं कारण नाही. ‘तुमचं मराठी सुधारतो’ म्हणत प्रत्येक खान्यातला मजकूर आपल्या सर्व्हरवर पाठवणारं एक्स्टेंशन ही मात्र पूर्ण वेगळी जात आहे, जरी स्टोअरमध्ये दोन्ही शेजारी-शेजारी दिसली तरी.

आता धोका नेमका कुठून येतो ते पाहू. पहिल्या दिवसापासून चोरीसाठीच बनवलेली एक्स्टेंशन्स असतात, पण त्यांच्यापेक्षा वाईट प्रकार म्हणजे वर्षानुवर्षं नीट चाललेलं एक्स्टेंशन मालक बदलतं. एकट्या माणसाने फावल्या वेळात बनवलेलं, लाखो लोक वापरतात, पैसे शून्य. एक दिवस कुणीतरी विकत मागतं. द ग्रेट सस्पेंडर हे निष्क्रिय टॅब झोपवून मेमरी वाचवणारं लोकप्रिय एक्स्टेंशन २०२० मध्ये असंच विकलं गेलं, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर ठरवून स्टोअरमधून काढलं, लोकांच्या ब्राउझरमध्येही बंद केलं. नॅनो अ‍ॅडब्लॉकर ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच वाटेने गेलं. पानांचं रूप बदलणारं स्टायलिश नव्या मालकाकडे गेल्यावर वापरणाऱ्यांचा सगळा ब्राउझिंगचा इतिहास गोळा करतं, हे जुलै २०१८ मध्ये उघड झालं. विक्री झालीच पाहिजे असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा क्षेत्रातल्याच कंपनीच्या एक्स्टेंशनची बाधित आवृत्ती ऐन नाताळात लोकांपर्यंत पोचली, कारण स्टोअरच्या खात्याचा प्रवेश एका फसव्या मेलमधून हल्लेखोरांच्या हाती गेला होता.

या सगळ्यात वापरणाऱ्याला काहीच कळत नाही, याचं कारण अपडेटच्या पद्धतीत आहे. क्रोम दर काही तासांनी नवी आवृत्ती तपासतो आणि न विचारता बसवतो. नव्या आवृत्तीने जास्तीची परवानगी मागितली, तर क्रोम ते एक्स्टेंशन थांबवून तुम्हाला विचारतो. पण ज्याला आधीच ‘सगळी पानं वाचा आणि बदला’ ही परवानगी आहे, त्याला आणखी मागायचं काय उरलं? मालक बदलो, कोड बदलो, चौकट पुन्हा येत नाही. फायरफॉक्समध्ये एकेका अ‍ॅड-ऑनचं आपोआप अपडेट बंद करता येतं: अ‍ॅड-ऑन्सच्या पानावर त्या नावावर क्लिक केलं की तपशिलात तो पर्याय दिसतो. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये तशी सोय नाही. मात्र हे बटण जपून वापरावं, कारण अपडेट बंद म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही बंद. क्वचित बदलणाऱ्या, लहानशा अ‍ॅड-ऑनला ते चालेल. जाहिरात-रोधक किंवा पासवर्ड मॅनेजरला मुळीच नाही.

राखणदार नेमून प्रश्न सुटतो का? थोडा सुटतो. मोझिलाने तपासून डिजिटल सही न केलेली अ‍ॅड-ऑन्स नेहमीच्या फायरफॉक्समध्ये बंद केली, ते योग्यच केलं. पण ४ मे २०१९ रोजी त्या सहीमागचं एक मधलं प्रमाणपत्र मुदत संपून बाद झालं आणि जगभरच्या फायरफॉक्समधली जवळजवळ सगळी अ‍ॅड-ऑन्स बंद पडू लागली. सह्यांची तपासणी साधारण चोवीस तासांतून एकदा होते, त्यामुळे कुणाची आत्ता गेली, कुणाची दुपारी. ओळख लपवणाऱ्या टॉर ब्राउझरमधलं, पानातल्या स्क्रिप्ट अडवणारं नोस्क्रिप्टही त्यात बंद झालं, म्हणजे ज्यांना संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, त्यांचंच कवच गळून पडलं. एकच चावी सगळ्यांच्या कुलपाला लावली की असं होतं.

गूगलने दुसरा मार्ग घेतला: एक्स्टेंशनची ताकदच कमी करायची. एक्स्टेंशन्सच्या जुन्या नियमपद्धतीत, म्हणजे मॅनिफेस्ट व्ही२ मध्ये, जाहिरात-रोधक ‘वेबरिक्वेस्ट’ वापरत. पानाने मागितलेली प्रत्येक फाइल थांबवून ब्राउझर एक्स्टेंशनला विचारी, जाऊ देऊ का? व्ही३ मध्ये ‘डिक्लेरेटिव्ह नेट रिक्वेस्ट’ आहे. एक्स्टेंशनने नियमांची यादी आधीच ब्राउझरकडे द्यायची, अडवायचं काम ब्राउझर स्वतः करणार. एका एक्स्टेंशनला ३०,००० ठरीव नियमांची हमी मिळते; त्यापुढचे सगळ्यांमध्ये मिळून असलेल्या साठ्यातून. जून २०२४ पासून क्रोमने व्ही२ टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलं आणि २०२५ मध्ये ते पूर्ण संपवलं. त्यात रेमंड हिल यांचं यूब्लॉक ओरिजिन हे जाहिरात-रोधक क्रोममधून गेलं. तिथे आता यूब्लॉक ओरिजिन लाइट चालतं.

लाइट वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ‘बेसिक’ मोडमध्ये त्याला सगळी पानं वाचायची व्यापक परवानगी नसली तरी ते बऱ्याच जाहिराती अडवतं, मेमरीही कमी खातं. पण संदर्भ पाहून त्या क्षणी ठरवायची क्षमता त्यात नाही, बाहेरच्या याद्या हव्या तेव्हा ओढून घेता येत नाहीत, आणि साइटच्याच डोमेनच्या नावामागे लपलेला ट्रॅकर (वाचकाचा माग काढणारा कोड) उघडा पाडणं जमत नाही. हे शेवटचं काम पूर्ण यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्समध्येच करतं. आणि सुरक्षेचा दावा अर्धाच खरा आहे. व्ही३ मध्येही एक्स्टेंशनला विनंत्या नुसत्या पाहता येतात आणि पानात स्क्रिप्ट घालून मजकूर वाचता येतो. म्हणजे चोरी करणाऱ्याला लागणारी दारं उघडीच राहिली आणि अडवणाऱ्याची ताकद तेवढी घटली. फायरफॉक्सने व्ही३ घेतानाही अडवणारं वेबरिक्वेस्ट ठेवलं, ते मला जास्त पटतं.

आता प्रत्यक्ष आवराआवर. क्रोममध्ये वरच्या तीन टिंबांतून एक्स्टेंशन्स, मग मॅनेज एक्स्टेंशन्स उघडा आणि एकेकाचे ‘डिटेल्स’ पाहा. तिथे ‘साइट अ‍ॅक्सेस’ म्हणून पर्याय असतो: क्लिक केल्यावरच, ठरावीक साइट्सवर, किंवा सगळीकडे. स्क्रीनशॉट, भाषांतर, रंग ओळखणं, कूपन शोधणं असल्या एक्स्टेंशन्सना ‘ऑन क्लिक’ पुरतं. तसं करून एखादं चालेनासं झालं, तर ते मागे बसून काय करत होतं याचा विचार करावा. जाहिरात-रोधक आणि पासवर्ड मॅनेजर या दोघांना मात्र सगळीकडे जावंच लागतं. म्हणून ते निवडतानाच काय ती कसून पारख करायची.

बरीच एक्स्टेंशन्स तर नकोतच. पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट फायरफॉक्समध्ये उजव्या क्लिकवर आहे; क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडून कंट्रोल-शिफ्ट-पी दाबा आणि ‘कॅप्चर फुल साइझ स्क्रीनशॉट’ निवडा. पान स्वच्छ वाचायला रीडर मोड, व्हिडिओ कोपऱ्यात ठेवायला पिक्चर-इन-पिक्चर. एका क्लिकपुरतं छोटं काम असेल तर बुकमार्कलेट: बुकमार्कच्या पत्त्याच्या जागी जावास्क्रिप्टची ओळ. ती तुम्ही दाबाल तेव्हाच आणि त्याच पानावर चालते. काही साइट्सच्या सुरक्षा धोरणामुळे ती अडते, तेवढं चालवून घ्यावं.

मेमरी मोजताना एक चूक सर्रास होते. क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो, त्यात ‘एक्स्टेंशन’ म्हणून वेगळ्या ओळी असतात, आणि त्यातला आकडा लहान दिसला की लोक निश्चिंत होतात. ती ओळ फक्त मागच्या प्रोसेसची. पानात घुसलेल्या स्क्रिप्टचा आणि स्टाइलचा खर्च त्या त्या टॅबच्या ओळीत मिसळलेला असतो. २०१४ च्या सुमारास अ‍ॅडब्लॉक प्लसवर याच कारणाने टीका झाली होती: लपवायच्या घटकांची अवजड स्टाइलशीट पानातल्या प्रत्येक फ्रेममध्ये (पानात बसवलेल्या छोट्या पानात) वेगळी भरली जाई, आणि बातम्यांच्या पानावर फ्रेम्स डझनांनी असतात. नीट मोजायचं तर तेच पान एक्स्टेंशन चालू ठेवून आणि बंद करून उघडावं, आणि टॅबच्या ओळीतले आकडे ताडून पाहावेत. सगळी पानं काळी करणारी डार्क मोडची एक्स्टेंशन्स इथे हमखास पकडली जातात.

पान मोडलं की लोक इन्कॉग्निटोत उघडून पाहतात. तिथे चाललं म्हणजे एक्स्टेंशनचाच दोष, असं मात्र नाही. इन्कॉग्निटोत एक्स्टेंशन्स आपसूक बंद असतात, पण तुमच्या जुन्या कुकीजही नसतात. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या. फायरफॉक्सचा ट्रबलशूट मोडही अ‍ॅड-ऑन्सबरोबर हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करतो. खात्रीचा उपाय म्हणजे निम्मी एक्स्टेंशन्स बंद करून पान पुन्हा लोड करणं, दोष ज्या निम्म्यात असेल ते पुन्हा निम्मं करणं. सोळा असली तरी चार फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. दोन जाहिरात-रोधक एकत्र चालू असतील तर फेऱ्या न घालता आधी त्यातला एक काढा. एक जण पानाला फसवायला बनावट स्क्रिप्ट पुरवतो, दुसरा तीच अडवतो, आणि पान पांढरं पडतं.

काढायचं बटणच फिकं दिसत असेल आणि मेनूत तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ लिहिलेलं असेल, तर ऑफिसच्या मशीनवर ते स्वाभाविक आहे. घरच्या विंडोज मशीनवर नाही. फुकटच्या इन्स्टॉलरबरोबर आलेला प्रोग्रॅम रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, क्रोमच्या पॉलिसीखाली सक्तीच्या एक्स्टेंशन्सच्या यादीत आपलं नाव घालून ठेवतो. आधी तो प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करा, मग रजिस्ट्रीतली नोंद काढा. उलट्या क्रमाने केलं तर नोंद परत येते. शिवाय सिंक चालू असेल तर घरी टाकलेलं एक्स्टेंशन ऑफिसच्या क्रोममध्येही उतरतं. सिंकच्या सेटिंग्जमध्ये एक्स्टेंशन्सचा खटका वेगळा आहे, तो बंद करता येतो.

बँक, कर आणि सरकारी पोर्टल यांच्यासाठी एक वेगळं प्रोफाइल ठेवावं आणि त्यात एकही एक्स्टेंशन टाकू नये. क्रोममध्ये आपल्या चित्रावर क्लिक करून नवं प्रोफाइल बनवायला मिनिटभर लागतं, आणि त्याच्या खिडकीला वेगळा रंग दिला की गोंधळ होत नाही.

आपल्याकडे बहुतेकांचं ब्राउझिंग फोनवर होतं आणि अँड्रॉइडवरच्या क्रोमला एक्स्टेंशन्स नाहीत. तो ‘साधा’ ब्राउझर आहे, पण जाहिराती आणि ट्रॅकर्स मोकाट असलेला साधा. अँड्रॉइड ९ पासून सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा); तिथे जाहिराती अडवणाऱ्या डीएनएस सेवेचं नाव घातलं की सगळ्या अ‍ॅप्समध्ये थोडा फरक पडतो. मात्र ज्या जाहिराती मजकुराच्याच डोमेनवरून येतात, उदाहरणार्थ यूट्यूबच्या, त्या डीएनएसला ओळखता येत नाहीत. शिवाय एखादं पेमेंट अ‍ॅप किंवा रेल्वेस्थानकावरचं वायफाय लॉगिन अडलं तर आधी ते डीएनएस ‘ऑटोमॅटिक’वर आणून पाहावं. अँड्रॉइडच्या फायरफॉक्सने डिसेंबर २०२३ मध्ये अ‍ॅड-ऑन्सचं दालन सर्वांसाठी खुलं केलं, तोवर निवडक थोडीच चालत. फोनवर वाचनासाठी फायरफॉक्स आणि त्यात एकटं यूब्लॉक ओरिजिन, व्यवहारांसाठी बँकेचं अ‍ॅप किंवा क्रोम, एवढी वाटणी केली की काम भागतं.